बंड्याची वही

९ मार्च

शिकारी पक्षी पाळून त्याच्याबरोबर शिकार करायला शिकायचं आहे, त्यासाठी ही वही सुरू करते आहे. पक्षी अजून नाही. मला हे शिकवणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "आधी वही, पक्षी शेवटी." त्यांच्या कपाटात वह्यांची चळत आहे. प्रत्येक ओळीत तारीख, सकाळचं वजन, किती खाल्लं, हवा कशी होती आणि एक-दोन शब्दांचा शेरा. 'चिडलेला.' 'मस्त.' 'माझी चूक.' हा तिसरा शेरा फार वेळा दिसतो, आणि त्यांना या कामात तीस वर्षं झाली आहेत.

या छंदाला मराठीत काय म्हणायचं यावर अर्धी संध्याकाळ घालवली. 'श्येनपालन' फारच पुस्तकी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'श्येनविनोद' येतो. शब्द गोड आहे, पण काकांच्या वह्या पाहता यात विनोद किती सापडेल याची शंका आहे. फारसीतून आलेला 'बाजदार', म्हणजे बाज पाळणारा, मला जवळचा वाटतो. तेव्हा इथे बाजदारी.

१७ मार्च

कायदा वाचला. कंटाळवाणं काम, पण ते टाळून पुढे जाताच येत नाही. देशागणिक नियम टोकाचे वेगळे आहेत. अमेरिकेत शिकाऊ परवान्याला वय किमान १२, परीक्षेत किमान ८० टक्के गुण, आणि मग निदान दोन वर्षं जाणत्या बाजदाराच्या देखरेखीखाली. ब्रिटनमध्ये असा शिकाऊ परवानाच नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानातला शिकारी पक्षी धरणं आणि पाळणं गुन्हा आहे, मग तो अंगणातल्या झाडावरचा शिक्रा का असेना. ज्याला हौस असेल त्याने आधी आपल्या इथला कायदा वाचावा, व्हिडिओ नंतर बघावेत.

मी राहते तिथल्या कायद्याप्रमाणे परवान्यासाठी माझा अर्ज गेला. तपासणीला माणूस येईल तेव्हा पक्ष्याची खोली तयार हवी.

११ एप्रिल

दर शनिवारी काकांकडे. अजून पक्ष्याला हात लावलेला नाही. शिटा खरवडते, आंघोळीची परात घासते आणि गाठ मारते.

गाठ एका हाताने मारायची, कारण दुसऱ्या हातावर पक्षी असतो. ओढली की सुटणारी, पण सुटं टोक फाशातून ओवून टाकलेलं, म्हणजे पक्ष्याने चोचीने ओढून पाहिलं तरी सुटत नाही. खुर्चीच्या पायाला दोनशे वेळा मारून झाली. आज वाटलं जमली. काकांनी दिवा मालवला आणि म्हणाले, "आता मार." नाही जमली.

मध्य आशियात पक्षी उजव्या हातावर घेतात, युरोपात आणि अरबांकडे डाव्या. मी डाव्या हातावर घेणार, त्यामुळे गाठ उजव्याने. हातमोज्यावर पाण्याने भरलेली बाटली उभी धरून तासभर चालायचा सरावही चालू आहे. कोपर अंगाला चिकटलेलं, मूठ कोपरापेक्षा जरा वर. बाटली पडली तर नुसता आवाज होतो. पक्षी हात कलला की अस्वस्थ होतो आणि ते विसरत नाही, असं काका म्हणतात.

२५ मे

कोणता पक्षी घ्यायचा, यावर निर्णय झाला. पूर्वी नवशिक्याच्या हाती केस्ट्रेल हा छोटा ससाणा देत, कारण तो लहान. काकांचं मत उलट: लहान आहे म्हणूनच तो नवशिक्यासाठी नाही. केस्ट्रेल साधारण दोनशे ग्रॅमचा. त्याच्या वजनात दहा ग्रॅमची चूक म्हणजे वीसावा हिस्सा गेला. साडेसहाशे ग्रॅमच्या पक्ष्यात तीच चूक दीड टक्का. चूक तर मी करणारच आहे, मग ती पेलणारा पक्षी घ्यावा.

म्हणून हॅरिस हॉक, नर. मूळचा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंतचा. शिकारी पक्ष्यांमध्ये त्याची एक गोष्ट जगावेगळी आहे: तो कुटुंबाने मिळून शिकार करतो. एकजण झुडपात घुसून ससा उठवतो, बाकीचे बाहेर टपून असतात. त्यामुळे काठीने झुडूप झोडपणारा माणूस त्याला परका वाटत नाही, त्याच्या लेखी तो थोडा मंद असा नातेवाईक असतो.

बहिरी ससाणा मनातून जात नाही हे खरं. पण बहिरी उंच चढून खाली सूर मारतो. त्याला मैलोन् मैल मोकळं रान लागतं आणि माणसाला ती नजर. ते मला सध्या झेपणार नाही.

एक गंमत लिहून ठेवते. आपल्या उपखंडातले जुने बाजदार पक्ष्यांची विभागणी डोळ्यांवरून करत. पिवळ्या डोळ्यांचे ते गुलाबचश्म, म्हणजे आखूड पंखांचे बाज आणि शिक्रे. काळ्या डोळ्यांचे ते सियाहचश्म, म्हणजे लांब पंखांचे ससाणे, बहिरी वगैरे. हॅरिस हॉकचे डोळे गडद तपकिरी, आणि उडणं मात्र बाजासारखं मुठीवरून. जुन्या उस्तादांनी त्याला कुठल्या रांगेत बसवलं असतं कोण जाणे.

८ ऑगस्ट

खोली झाली. तपासणीही झाली. लिहिण्यासारखं थोडंच: समोर जाळी नाही, उभ्या गजांची फळी आहे. जाळीला पक्षी चिकटला की पिसं मोडतात आणि चोचीच्या वरची नाजूक कातडी सोलते. गजांवरून तो घसरून खाली येतो. दारं दोन, एकामागे एक, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद. बसायच्या दांड्यांवर कृत्रिम हिरवळ गुंडाळली आहे, कारण सपाट आणि गुळगुळीत दांडीवर बसून बसून तळव्याला सूज येते आणि ती चिघळली की पाय जातो. दांड्या जाडीला वेगवेगळ्या ठेवल्या.

१४ सप्टेंबर

फ्रीझरचा एक कप्पा आता माझा नाही. कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, लावे, ससा. पिल्लू एक साधारण पस्तीस-चाळीस ग्रॅमचं. नुसतं मांस चालत नाही, हाडं आणि पिसंही हवीत. न पचलेली पिसं-केस दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी होऊन तोंडातून बाहेर पडतात. ती पडल्याशिवाय पुढचं खाणं द्यायचं नाही. बंदुकीने मारलेलं काही खाऊ घालायचं नाही, शिशाचा एक छर्राही पक्ष्याला मारू शकतो. ताजं कबूतरही नको, त्याच्या घशातला परजीवी पक्ष्याच्या घशात जातो.

काकांनी शिट वाचायला शिकवलं. पांढरी, मधे काळा ठिपका: छान. हिरवी: पोट रिकामं आहे किंवा काहीतरी बिघडलं आहे. "रोज सकाळी वर्तमानपत्राआधी हे वाचायचं," म्हणाले.

२ ऑक्टोबर. वजन ७१८ ग्रॅम

आला.

बंदिवासात जन्मलेला, पायात जन्मापासूनचं कडं. चार महिन्यांहून जास्त आईबापांजवळ वाढलेला, आणि हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. लवकर वेगळं केलेलं हॅरिसचं पिल्लू माणसालाच आई समजतं आणि जन्मभर त्याच्याकडे बघून किंचाळत राहतं. शेजाऱ्यांसाठी तरी हे टाळावं.

काकांनी टॉवेलात गुंडाळून धरला. मी दोन्ही पायांत चामडी पट्टे घातले, पितळी रिंग ठोकून. त्या रिंगांतून वाद्या ओवायच्या, वाद्यांना भोवरकडी, म्हणजे पीळ पडू न देणारी फिरती कडी, आणि भोवरकडीला दोरी. पूर्वी वादी थेट पायालाच बांधलेली असे आणि तिला टोकाशी चीर असे. तशी घेऊन पक्षी सुटला तर चीर फांदीत अडकून तो उलटा टांगून मरे. आता उडवताना चिरेची वादी काढून बिनचिरेची घालता येते. एवढीशी सुधारणा, पण तिच्यामुळे किती पक्षी वाचले असतील.

टॉवेल सोडल्यावर तो पाठीवर पडून, नख्या वर करून माझ्याकडे बघत राहिला, चोच उघडी. मी त्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, चांगलं भारदस्त. ते तोंडातून निघालंच नाही. "बंड्या," म्हटलं. तेच राहिलं.

३ ऑक्टोबर. ७०९

काल रात्री तीन तास मुठीवर. खोलीत एकच मंद दिवा. तो झेप घेतो, वाद्या त्याला अडवतात, आणि तो मुठीखाली उलटा लटकून फडफडतो. उजवा तळवा पाठीशी देऊन अलगद वर घ्यायचं. पुन्हा झेप. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडलं. त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, एकटक बघतो तो शिकारी. म्हणून मी भिंतीवरच्या एका डागाकडे बघत बसले. तो डाग आता मला पाठ आहे.

खाल्लं नाही.

४ ऑक्टोबर. ६९८

खाल्लं नाही. झेपा कमी. डावा खांदा जळतो आहे.

५ ऑक्टोबर. ६८७

मांसाचा तुकडा त्याच्या पायांपाशी, मोज्याच्या चिमटीत. एक तास चाळीस मिनिटं काही नाही. मग त्याने सगळी पिसं फुलवली आणि कुत्रं अंग झटकतं तशी झटकली. काकांनी सांगितलं होतं, घाबरलेला पक्षी पिसं झटकत नाही. मी श्वास रोखला. त्याने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि वाकून तुकडा तोडला.

शिकारी पक्षी वाकतो तेव्हा त्याची मान उघडी पडते. तो ती माझ्यासमोर उघडी टाकायला तयार झाला, एवढाच त्या घासाचा अर्थ. मग अठरा ग्रॅम सलग खाल्लं. मी फोनवर काकांना हे इतकं लांबवून सांगितलं की ते म्हणाले, "अगं, जेवला तो. लग्न नाही झालं त्याचं."

८ ऑक्टोबर. ६७१

दांडीवरून मुठीवर उडी. अंतर एक वीत.

१२ ऑक्टोबर. ६५५

दोरीच्या लांबीइतकी उडी, पाच वेळा. शीळ वाजवली की मान वळते.

वजनाबद्दल, कारण मला भेटणारा प्रत्येकजण विचारतो: "उपाशी ठेवता का?" नाही. पण पोटभर जेवलेला शिकारी पक्षी उडतच नाही, रानातही नाही. तो झाडावर बसून दिवसभर पिसं विंचरतो. उडायला त्याला कारण लागतं आणि ते कारण म्हणजे भूक. ती हवी, पण शक्ती कमी करणारी नको. या दोहोंमधली पट्टी फार अरुंद असते, प्रत्येक पक्ष्याची वेगळी, आणि थंडी-उन्हाबरोबर ती सरकते. ती शोधायला हा वजनकाटा.

१६ ऑक्टोबर. ६४८

बाहेर, लांब दोरीवर, दहा मीटर. पहिल्यांदा विचार केला, मग आला. दुसऱ्यांदा लगेच.

२२ ऑक्टोबर. ६४४

चाळीस मीटर. शीळ वाजते आणि तो निघालेलाच असतो. जमिनीलगत येतो, शेवटी वर उसळून मुठीवर. मोज्यावर पायांचा आवाज येतो, थप्प. काका म्हणाले आठवडाभर असंच चालू दे, मग सोडू. आठवडाभर! तो तर आत्ताच तयार आहे.

२५ ऑक्टोबर. ६३१

मनात आलं की जरा खाली आणलं तर आणखी चपळ होईल. पिल्लं संपत आली होती म्हणून सशाच्या मांसावर आणलं. ग्रॅम तेवढेच. आज खरंच चपळ होता.

२८ ऑक्टोबर. ६०४

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी दार उघडलं तर तो पिसं फुगवून बसला होता, दोन्ही पायांवर, डोळे अर्धवट मिटून बदामाच्या आकाराचे झालेले. मला वाटलं थंडी आहे. वजन केलं आणि ६०४ दिसल्यावर काटा बिघडला असेल असं वाटलं. आधी संशय माझ्यावर आला नाही, काट्यावर आला. मुठीवर घेतलं तर त्याची पकड सैल.

काका तासाभरात आले. काहीही न बोलता त्यांनी दोन बोटं त्याच्या छातीवर ठेवली, मग माझी बोटं धरून तिथेच ठेवली. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं.

"हे कधी पाहिलं होतंस?"

मी पाहिलं नव्हतं. आकडा पाहत होते.

पोटभर खाऊ घालावं असं मला वाटलं. त्यांनी थांबवलं. इतक्या उतरलेल्या पक्ष्याला पिसं-हाडांचं मोठं जेवण दिलं तर पचवायलाच शक्ती नसते, ते आत तसंच राहून सडतं. कोमट, ओलसर, नुसत्या मांसाचे छोटे तुकडे, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा. खोली उबदार. हाताळणं बंद.

चूक कुठे झाली तेही त्यांनी उलगडून दाखवलं. सशाचं मांस सुकं, त्यात चरबी नावालाच. पिल्लात अंड्यातला बलक असतो. पस्तीस ग्रॅम म्हणजे पस्तीस ग्रॅम, असा माझा हिशोब होता, पण त्याच्या पोटाला त्यातून कमीच मिळालं. वर तीन रात्री कडक थंडी पडली, आणि थंडीत पक्षी रात्रभर आपलं अंग जाळूनच ऊब धरतो. वर माझी घाई. यातलं एकेकटं चाललं असतं. तिन्ही एकत्र आल्यावर आणखी दोन दिवसांत तो दांडीवरून पडला असता.

जाताना रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती वही उघडली, आजच्या ओळीत शेऱ्याच्या जागी बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे दिलं.

माझी चूक.

२९ ऑक्टोबर. ६१२
३० ऑक्टोबर. ६२३. एका पायावर उभा राहिला. निवांत पक्षी एका पायावर उभा राहतो.
१ नोव्हेंबर. ६४०. पिसं झटकली. माझ्यावर चिडला. आनंद झाला.

वहीत आजपासून दोन रकाने वाढवले: 'छाती' आणि 'उभा कसा'. वजनाचा रकाना त्यांच्यानंतर.

६ नोव्हेंबर. ६४७. छाती भरलेली. एका पायावर

सोडला.

लांब दोरी काढली, बिनचिरेच्या वाद्या घातल्या, पाठीवर जीपीएस लावला, पायात घुंगरू. काका पन्नास पावलांवर उभे राहून दुसरीकडे बघत होते, मुद्दाम. मी मूठ सोडली आणि तो समोरच्या झाडावर जाऊन बसला. आता त्याच्या-माझ्यात काहीच बांधलेलं नव्हतं. मनात आलं तर तो चार देश ओलांडून जाऊ शकतो.

मी पाठ फिरवली आणि चालू लागले. हेच करायचं असतं, पण पायांना ते पटत नाही. वीस पावलं. शीळ वाजवायच्या आतच घुंगरू वाजलं. थप्प.

२३ नोव्हेंबर. ६६८

गेले काही दिवस मी घाबरून वजन वर ठेवत होते. हा ऑक्टोबरच्या चुकीचा उलटा झोका. आज ऊन, वारा, आणि बंड्याचं पोट बऱ्यापैकी खुश. तिसऱ्या उड्डाणाला वाऱ्यावर चढला, टेकडीच्या माथ्यावर दोन घिरट्या घेतल्या आणि पलीकडे गेला.

जीपीएसने जागा दाखवली: अडीच किलोमीटर, एका उंच झाडाचा शेंडा. खाली उभी राहून मी आमिष फिरवलं, मोज्यावर अख्खा लावा धरला, शीळ वाजवून तोंड सुकवलं. तो वरून बघत होता. ओळखत होता, यायची गरज वाटत नव्हती. अंधार पडल्यावर फोन केला तर काका म्हणाले, "झाड लक्षात ठेव आणि घरी जाऊन झोप. तो रात्री उडत नाही. उजाडायच्या आत तिथे ये."

झोप आली नाही.

२४ नोव्हेंबर. ६४९

पहाटे पावणेसहा. झाडाखाली काका आधीच हजर, थर्मास घेऊन. तांबडं फुटलं, बंड्याने शिट टाकली, पिसं झटकली, इकडेतिकडे पाहिलं. मी मूठ वर केली. शेंड्यावरून सरळ रेषेत आला, जसं काही कालपासून मीच उशीर केला होता.

शेऱ्यात लिहिलं: 'वजन जास्त. वारा. तो बरोबर होता.'

९ डिसेंबर. ६४४

मैत्रिणीने सरळ विचारलं, "आवडतो ना, मग मोकळा का सोडत नाहीस?" एक तर हा बंदिवासात जन्मलेला, त्याच्या मुलखापासून लांब. सोडून दिला तर एक तर मरेल किंवा इथल्या पक्ष्यांच्या डोक्यावर बसेल. दुसरं म्हणजे मी त्याला रोजच सोडते. हे दुसरं उत्तर ऐकायला छान आहे, पण परत येण्याची सवय मीच लावली आहे हे मला विसरता येत नाही.

बाजदारांकडून एक उत्तर नेहमी येतं, बहिरीचं. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन बहिरी ससाणा अमेरिकेच्या पूर्वेतून पार संपला होता. १९७०मध्ये टॉम केड यांनी कॉर्नेल विद्यापीठात पेरेग्रिन फंड सुरू केला. बंदिवासात पिल्लं काढून ती रानात सोडण्याची विद्या उभी राहिली, त्यात बाजदारांचे हात आणि त्यांचे पक्षी होते. १९९९मध्ये बहिरी तिथल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. हे खरं आणि मोठं आहे. पण ते त्यांचं पुण्य आहे. बंड्याला दांडीवर बसवताना ते माझ्या खात्यात लिहिता येणार नाही. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं की पटत नसेल तर पटू नये, ये एकदा बघायला. ती आली नाही अजून.

१७ डिसेंबर. ६४२

आता आम्ही चालतो. मी जमिनीवरून काठीने झुडपं झोडपत, तो वर झाडाझाडावरून मागे-पुढे. पहिले काही दिवस तो मी काय करते आहे ते नुसतं बघायचा. आज मी एका झुडपाकडे वळले तर तो आधीच त्याच्या पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला होता. ससा निघाला. तो चुकला, काट्यांत आपटला, उठला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोष कुणाचा हे स्पष्ट व्हावं.

आतापर्यंत अकरा प्रयत्न, शून्य ससे. सशांच्या बाजूनेही कुणीतरी वही ठेवत असेल.

२८ डिसेंबर. ६४५

शेपटीचं एक पीस मधोमध मोडलं. काट्यांतच.

३ जानेवारी. ६५१

आजचा दिवस नुसता बघण्याचा. शेपटीत बारा पिसं असतात. त्यांतलं एक मोडलं की शेजारच्याला आधार राहत नाही, मग तेही मोडतं, मग तिसरं. नवं पीस पिसं झडण्याच्या हंगामातच येतं, म्हणजे काही महिने वाट. म्हणून मोडक्या पिसाला कलम करतात. हो, कलमच, आंब्याला करतात तसं. काकांकडे डब्यांत त्यांच्या जुन्या पक्ष्यांची झडलेली पिसं आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी: नर की मादी, उजवं की डावं, कितवं.

बंड्याला टोपी घालून टॉवेलात धरायचं काम माझं. एरवी हॅरिसला टोपीची फारशी गरज पडत नाही, पण काकांनी ती घालायला शिकवून ठेवली होती ती आज कामाला आली. युरोपला या टोपीची ओळख अरबांमुळे झाली. सम्राट दुसरा फ्रेडरिक, ज्याने तेराव्या शतकात बाजदारीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याने स्वतः हे मोकळेपणाने नोंदवलं आहे. टोपी चढली की पक्षी शांत होतो. डोळ्यांना अंधार म्हणजे जग बंद.

काकांनी मोडकं पीस दांड्याच्या पोकळ भागात तिरपं कापलं. जुन्या पिसातला त्याच जागेचा तुकडा मोजून कापला. बांबूची कामटी तासून तिला तीन कडा दिल्या, म्हणजे पीस आत फिरत नाही. अर्धी कामटी या दांड्यात, अर्धी त्या, मधे डिंकाचा थेंब. खाली कागद, डिंक शेजारच्या पिसाला लागू नये म्हणून. मग दोन्ही टोकं जुळवून दाबून धरली आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मी विचारलं किती मोजता, तर म्हणाले, "साठ. पण माझं साठ हळू असतं."

टोपी काढल्यावर बंड्याने शेपूट पंख्यासारखी उघडली, मिटली. सांधा शोधूनही सापडला नाही. ज्या पक्ष्याचं ते पीस, तो जाऊन सहा वर्षं झाली, असं काका डबा बंद करताना म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

१९ जानेवारी. ६४३. छाती भरलेली. हवा थंड, वारा नाही

ससा. सतरावा प्रयत्न.

वर्णन करण्यासारखं फार नाही, तीन सेकंदांत संपलं. मी धावत गेले. आपलं पहिलं काम ससा लगेच संपवणं, पक्ष्यावर ते सोडायचं नाही. हात थरथरत होते तरी केलं. त्यानंतर गुडघ्यावर बसून, हळूहळू पुढे सरकत, मोज्यावर मांस दाखवून त्याला शिकारीवरून मुठीवर घ्यायचं. त्याला वाटलं पाहिजे की बदल्यात काही मिळालं, हिसकावून घेतलं नाही. एकदा लुबाडलं गेल्याची भावना झाली की पुढच्या वेळी तो शिकार घेऊन झाडावर जातो.

पण पहिल्या शिकारीवर त्याला खाऊ द्यायचं असतं, पोट फुटेस्तोवर. गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी झाली. संध्याकाळी काट्यावर ७३१.

मला आनंद झाला होता का? झाला होता. सशाचं वाईट वाटलं का? तेही वाटलं, आणि दोन्ही एकाच हाताला चिकटलेलं होतं. काकांना सांगितलं. "ज्या दिवशी दुसरं वाटेनासं होईल त्या दिवशी मोजा मला परत दे," म्हणाले.

पुढचे तीन दिवस उडणं नाही.

८ फेब्रुवारी. ६४६

दोन. एक काकांसमोर. त्यांनी फक्त "हं" केलं.

१५ मार्च. ६५५

हंगाम संपवला. जीपीएस धुवून ठेवला, वाद्या काढून खोलीत मोकळा सोडला. आता खाणं भरपूर आणि विविध, कारण नवं पीस वाढताना एक दिवस जरी उपास घडला तरी त्या पिसावर आडवी कमकुवत रेघ उमटते आणि पुढे ते तिथेच मोडतं. ऑक्टोबरमध्ये त्याची पिसं पूर्ण वाढलेली होती, म्हणून ती रेघ त्याच्या अंगावर नाही. फक्त या वहीत आहे.

७ एप्रिल. वजन केलं नाही. एका पायावर

पहिलं पीस पडलं. पंखातलं, सगळ्यात आतलं मुख्य पीस. या जातीचे पक्षी तिथूनच सुरुवात करून बाहेरच्या टोकाकडे जातात. कुठेही रेघ नाही. खांद्यावर तांबूस रंगाची दोन-तीन नवी पिसंही दिसायला लागली आहेत.

काचेची बरणी आणली. चिठ्ठी लिहिली: हॅरिस, नर, डावा पंख, पहिलं. नाव लिहायचं की नाही यावर जरा थांबले. काकांच्या चिठ्ठ्यांवर नावं नाहीत.

लिहिलं.